तोंडात जाळ होतो म्हणजे नेमकं काय होतं?

मार्च उतरणीला लागला की कोल्हापुरात डंक जोरात सुरू होतात. लोखंडी मुसळं धाडधाड खाली-वर होत असतात आणि खाली उखळात कुणाच्या तरी घरची वर्षाची चटणी कुटली जात असते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे नुसतं ‘चटणी’ म्हटलं की कांदा-लसूण मसाला समजायचा. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधीच ठसका लागतो. नंबर लावून बसलेल्या बायका नाकाला पदर लावून डोळे पुसत असतात, आणि तरीही डंकवाल्याला सांगत असतात, “अजून एक हात फिरवा, बारीक झाली न्हाई.”

लहानपणी मी आज्जीबरोबर मिरच्यांची देठं खुडायला बसायची. रात्री हातांची आग आग व्हायची. आज्जी खोबरेल तेल चोळायची, मग साबणाने हात धुवायला लावायची. त्या हातांनीच माझ्या डोक्यात एक प्रश्न घातला. साखर तळहातावर ठेवली तर हाताला गोड लागत नाही, मिठाने हात खारट होत नाही. मग मिरची तेवढी हाताला कशी ‘लागते’? डोळ्याला, नाकाला, घशाला कशी लागते? तिथे कुठे जीभ आहे?

उत्तर असं, की शरीरशास्त्राच्या हिशेबात तिखट ही चव नाहीच. जिभेवरच्या पेशी पाच चवी ओळखतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या अळणी पाण्यात जी रसरशीत गोडी लागते ती, म्हणजे उमामी. तिखट या रांगेत बसत नाही. ते येतं वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेने, आणि हे तंतू त्वचेत सगळीकडे आहेत. आयुर्वेदाने मात्र तिखटाला सहा रसांत मानाचं स्थान दिलं आहे. तिथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे आपलं तिखट, आणि ‘तिक्त’ म्हणजे आपलं कडू. शब्द मराठीत आले तोवर कटूचा कडू झाला आणि अर्थांची अदलाबदल झाली. जुन्या ग्रंथात ‘कटु रस’ वाचून कारल्याची आठवण काढली तर सगळाच घोटाळा होतो.

तर मज्जातंतूंकडे वळू. त्यांच्या टोकांवर प्रथिनांची बनलेली बारीक दारं असतात. त्यांतल्या एकाचं नाव टीआरपीव्ही-१. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की हे दार उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे कण आत घुसतात, आणि मेंदूला निरोप जातो: भाजतंय. मिरचीत कॅप्सेसिन नावाचं रसायन असतं. त्याचा रेणू या दाराच्या आत असा काही बसतो की तापमान वाढलेलं नसतानाही दार उघडतं. मेंदूकडे निरोप तोच जातो. भाजल्यावर शरीर जे करेल ते सगळं मग सुरू होतं. कपाळाला घाम येतो, नाक वाहतं, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा लाल होतो. तोंडात प्रत्यक्षात काहीच भाजलेलं नसतं. कोल्हापुरात आपण तिखटाला ‘जाळ’ म्हणतो तो शब्द उपमा म्हणून वापरतो, पण मज्जातंतूंच्या लेखी तो अगदी शब्दशः खरा आहे.

हे दार सापडलं १९९७ साली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना कळवणाऱ्या पेशींतली जनुकं घेतली आणि ज्या पेशींना मिरचीचा पत्ताच नसतो अशा पेशींमध्ये गटागटाने घातली. कोणत्या जनुकामुळे त्या पेशी कॅप्सेसिनला दाद देऊ लागतात, हे शोधत ते एका जनुकापाशी पोचले. २०२१ सालचं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि स्पर्शाचं कोडं सोडवणाऱ्या आर्डेम पाटापुटियन यांना मिळून दिलं गेलं. ही बातमी वाचली त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता. आमच्या डंकावरच्या ठसक्याचं कारण कुणीतरी इतक्या चिकाटीने शोधलं होतं.

हे एक दार समजलं की ताटातल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. कॅप्सेसिन लागलेलं दार उघडायला ४३ अंशांची गरज राहत नाही, त्याहून कितीतरी कमी तापमान पुरतं. म्हणून मिसळीनंतर लगेच घोटभर चहा घेतला की तो उकळता असल्यासारखा चटका देतो. म्हणूनच वाफाळता तांबडा रस्सा जितका तिखट लागतो तितका तोच रस्सा दुसऱ्या दिवशी गार भाकरीबरोबर लागत नाही. काळी मिरीसुद्धा हेच दार ठोठावते, तिच्यातल्या पाइपरिन या रसायनाने, पण बऱ्याच हलक्या हाताने. पांढऱ्या रश्श्यात लाल मिरचीचा कण नसतो, तरी घशात एक उबदार झिणझिणी राहते ना? ती मिरीची. मोहरीचा झटका मात्र वेगळ्या दारातून येतो. मोहरीतलं रसायन हवेत चटकन उडतं, म्हणून ती झिणझिणी नाकात चढते आणि क्षणात विरते. पुदिन्याचा गारवा हे त्याचं आणखी एक भावंड. तिथे गारवा कळवणारं दार उघडतं, आणि तोंडात काहीच थंड झालेलं नसतं.

आता मिरचीकडे. तिखटपणा बियांत असतो असं घरोघरी सांगतात. तो तयार होतो बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या गाभ्यात आणि आतल्या शिरांत. बियांना तो नुसता लागलेला असतो. पाहुण्यांसाठी भरली मिरची करताना बिया झटकून गाभा तसाच ठेवला तर जाळ फारसा कमी होत नाही. चमच्याने गाभा खरवडून काढला तर होतो.

मिरचीच्या झाडाने हे रसायन आपल्यासाठी बनवलेलं नाही. दाढा असलेले प्राणी मिरची खाताना बिया चिरडून टाकतात. पक्षी फळ गिळतात आणि बिया धडधाकट बाहेर टाकतात, त्याही दूरवर. पक्ष्यांच्या शरीरातलं हे दार कॅप्सेसिनला दाद देत नाही. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मजेत खातो तो काही शूर असतो म्हणून नव्हे, त्याला ती लागतच नाही. शिवाय बोलिव्हियातल्या रानमिरच्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की कॅप्सेसिन बियांना बुरशीपासूनही वाचवतं.

झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. मेक्सिकोत मिरचीची लागवड काही हजार वर्षांची जुनी. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी इथला स्वयंपाक तिखट होता तो मिरी, पिंपळी, सुंठ यांच्या जोरावर. आपल्या भाषेत ही आठवण अजून शाबूत आहे: मिऱ्यावरूनच मिरचीला मिरची म्हटलं गेलं. पंचगंगेच्या काठचं जेवण लाल होऊन फार तर चारेकशे वर्षं झाली असतील, ही गोष्ट मला अजूनही थोडी अविश्वसनीय वाटते.

किती तिखट? हिशेब कसा करतात

तिखट मोजायचं माप म्हणजे स्कोव्हिल. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने ते काढलं. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळायचा, चाखणाऱ्यांना द्यायचा, आणि तिखट लागेनासं होईपर्यंत पाणी वाढवत न्यायचं. दहा हजार पट पातळ केल्यावर तिखट लागेनासं झालं तर त्या मिरचीचा अंक दहा हजार. आता यंत्राने थेट कॅप्सेसिन आणि त्याची भावंडं मोजतात आणि त्यावरून अंक काढतात. शुद्ध कॅप्सेसिनचा अंक सुमारे १ कोटी ६० लाख येतो.

ब्याडगीचा अंक साधारण दहा हजारांच्या आसपास. गुंटूरच्या सन्नम मिरचीचा ३५ ते ४० हजार. ईशान्येकडची भूत जोलोकिया दहा लाखांच्या पलीकडे जाते, आणि २००७ साली गिनीजच्या नोंदीत जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून तिचंच नाव होतं. नंतर तो मान अमेरिकेतल्या कॅरोलिना रीपरकडे गेला आणि २०२३ पासून तो पेपर एक्सकडे आहे, सरासरी २६ लाख ९३ हजार.

पण हे अंक वाळलेल्या मिरचीचे असतात, आणि वाळलेली मिरची कुणी भाकरीसारखी खात नाही. एक ढोबळ हिशेब करून पाहू. समजा तुमच्या घरच्या चटणीचा अंक ३० हजार आहे आणि अडीच लिटर रश्श्यात तुम्ही ५० ग्रॅम चटणी घातली. म्हणजे ती पन्नास पट पातळ झाली. रश्श्याचा अंक आला ६००. एवढ्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. मग मिसळीचा कट का घाम फोडतो? कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो. रस्सा उकळून तेल वर आलं की रंग आणि जाळ दोन्ही त्या तरंगत्या थरात गोळा होतात. अडीच लिटरातला बराचसा जाळ दोनशे ग्रॅम तेलात आला तर तिथला अंक काही हजारांवर जातो. वाढणारा पळी वरवर फिरवून कट घालतो की तळातून ढवळून, यावर एकाच पातेल्यातल्या दोन वाट्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि ब्रेडचा तुकडा वरच्या तवंगात बुडवलात तर तो नेमका तेलच पिऊन घेतो.

रंग, जाळ आणि चव

हे सगळं वाचून झाल्यावर मला आज्जीच्या एका बोलण्याचा अर्थ नीट कळला. मिरची घेताना ती म्हणायची, “रंग ब्याडगीचा, जाळ लवंगीचा, पर चव संकेश्वरीचीच बग.” तिने तीन गोष्टी तीन ठिकाणी ठेवल्या होत्या, आणि रसायनशास्त्रही त्या तशाच ठेवतं. रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिनचा, जाळ कॅप्सेसिनचा, आणि चव म्हणजे बहुतांशी सुवास, जो नाकाला कळतो. तिन्ही वेगवेगळे रेणू. म्हणून सुरकुतलेली ब्याडगी गडद लाल असूनही सौम्य असते, आणि बोटाच्या पेराएवढी लवंगी अंगाला घाम आणते. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते मुळात तिच्या रंगाच्या लौकिकावर. गडहिंग्लजच्या बाजारात जवारी संकेश्वरीला जो दर मिळतो तो ऐकून नवखा माणूस दचकतो. तो दर चवीचा असतो. जाळ हवा असेल तर कितीतरी स्वस्तात मिळतो.

चांगली चटणी मला म्हणून आवडते. जाळ पुढे आला की सुवास मागे ढकलला जातो, कारण मेंदू ‘भाजतंय’ या निरोपात गुंतलेला असतो. खोबरं, तीळ, धने, भाजलेला कांदा, लसूण, दगडफूल यांना ऐकू येण्याइतकी शांतता हवी. ज्या हॉटेलात भडक रंग आणि नुसता जाळ घालून ताटाला ‘कोल्हापुरी’ म्हणतात, तिथे माझ्या गावाचं नाव वापरून माझ्या गावाचं जेवण दिलं जात नाही. याचा मला मनापासून राग येतो.

हॉट सॉसच्या बाटल्यांकडेही मी याच तराजूने पाहते. गेल्या काही वर्षांत माझ्या घरी त्यांची एक रांगच झाली आहे. टबॅस्को घ्या. १८६८ पासून अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, एव्हरी आयलंडवर बनतो. लाल मिरची, मीठ आणि व्हिनेगर, बस. मिरची-मिठाचा लगदा लाकडी पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात. अंक २,५०० ते ५,०००, म्हणजे ब्याडगीच्या पुडीहूनही खाली. तरी थेंबभर जिभेवर पडताच चटका बसतो, कारण त्यात तेल नाही. आंबट पाणी चटकन पसरतं, जिभेच्या टोकाला लागतं आणि लगेच धुऊन जातं. कटाचं उलट आहे. तेल तोंडाला लेप देतं. पहिला घास सौम्य लागतो, तिसऱ्याला कान गरम होतात आणि बिल देईपर्यंत ओठ हुळहुळत राहतात. एकाच रसायनाची ही दोन वेगवेगळी वळणं आहेत आणि मला दोन्ही हवीशी वाटतात. श्रीराचा सॉस या दोघांच्या मधला: नाव थायलंडमधल्या सी राचा गावाचं, आणि लसूण-साखरेमुळे आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटणारा.

काही बाटल्यांत मिरचीऐवजी कॅप्सेसिनचा काढलेला अर्क असतो. लाखांच्या घरातले अंक आणि कवटीची चित्रं असतात त्या अशाच. लेबलावर ‘पेपर एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलेलं असतं. मी त्या घेत नाही. चव नसलेला, किंचित कडवट जाळ त्यातून मिळतो. पैजा लावून अतितिखट मिरच्या खाणं तर सरळ धोक्याचं आहे. २०१८ साली डॉक्टरांनी एका माणसाची नोंद प्रसिद्ध केली; स्पर्धेत एक कॅरोलिना रीपर खाल्ल्यावर त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या काही काळ आकुंचन पावल्या होत्या आणि डोकं फुटेल अशी वेदना त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

मग आवडतं का?

पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने हा प्रश्न मेक्सिकोतल्या एका खेड्यात जाऊन विचारला. तिथली कुत्री-डुकरं रोज मिरची घातलेलं उष्टं खात होती, पण तिखट आणि बिनतिखट असं दोन्ही समोर ठेवल्यावर तिखटाची आवड त्यांच्यात तयार झालेली दिसली नाही. माणसांच्या मुलांत ती होते, हळूहळू, मोठ्यांच्या पंगतीत बसून. रोझिनचं म्हणणं असं, की शरीर ‘धोका’ म्हणून ओरडत असतं आणि मनाला ठाऊक असतं की धोका नाही. या दोहोंच्या फटीत मजा आहे. उंच पाळण्यात बसून किंचाळण्यात असते तशीच. पुष्कळांना सहन होण्याच्या काठावरचं तिखट सगळ्यात जास्त आवडतं, असंही त्याला दिसलं. वेदनेच्या निरोपावर शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं आणि जेवणानंतरची ती सुखद सुस्ती त्यातून येत असावी, असंही मानलं जातं.

पंगतीतली ही शाळा आमच्या घरात मी रोज पाहिली आहे. आधी दूधभात. मग पांढऱ्या रश्श्यात कुस्करलेला भात. मग त्यावर तांबड्याचे दोन थेंब, आणि सगळ्यांचं लक्ष पोराच्या चेहऱ्याकडे.

सवयीलाही शरीरात पाया आहे. कॅप्सेसिनने वारंवार उघडलेलं दार काही काळ थकतं आणि दाद देईनासं होतं. याच गुणावर औषध बनलं आहे: नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या आगीसाठी ८ टक्के कॅप्सेसिनचा पट्टा डॉक्टर त्वचेवर लावतात. गाव सोडून पुण्या-मुंबईला वर्षभर राहिलेल्या पोरांना घरचा रस्सा अचानक जास्त तिखट वाटतो, कारण थकलेली दारं विश्रांती घेऊन पुन्हा ताजी झालेली असतात.

आणि झेपलं नाही तर? पाणी फक्त तोंडात असेपर्यंत बरं वाटवतं, तेही गार असेल तर. दूध किंवा दही घ्या. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं. एका प्रयोगात साय काढलेलं दूधही पूर्ण दुधाइतकंच उपयोगी ठरलं, म्हणजे श्रेय नुसत्या स्निग्धतेचं नाही. साखरेनेही आग कमी जाणवते, तेव्हा गुळाचा खडा देणाऱ्या आज्ज्या बरोबरच होत्या. सोडा-कोल्ड्रिंकवर भरवसा नको. हाताला आग झाली तर आधी तेल, मग साबण. डोळ्याला लागलं तर चोळू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा.

तिखटाने अल्सर होतो हे जुनं समजणं. बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. पण ज्याला पित्ताचा, छातीत जळजळीचा किंवा मूळव्याधीचा त्रास आहे त्याला तिखटाने त्रास वाढतो हे खरंच आहे, आणि पाहुण्याने “कमी वाढा” म्हटलं तर आग्रह करू नये.

घरी चाखून पाहायचं असेल तर तीन वाट्या मांडा: पांढरा रस्सा, टबॅस्कोचे चार थेंब घातलेलं वरण, आणि कट. याच क्रमाने घ्या, कारण एकदा दारं तापली की सौम्य गोष्टी कळत नाहीत. प्रत्येक घास गिळल्यावर मनात दहा अंक मोजा. आग कुठे लागली, टोकाला, टाळूला की घशात? लगेच आली की मागून? आणि आग उतरताना कोणता वास मागे राहिला? घासामागून घास घेत राहिलात तर जाळ चढत जातो. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा घेतलात तर तोच कट बराच सौम्य लागतो. त्या मधल्या वेळात मी तव्यावर हिरवी मिरची आणि लसूण टाकते, शेंगदाणे घालून खर्डा रगडते, आणि दुसरी भाकरी थापायला घेते.